ग्रहणगणिताचीं सुटीं पानें व त्यांवरून कालनिर्णय

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. लाल महाल व कसब्याचा गणपति यांच्या आसपासचे जुने वाडे जसजसे उतरविले जातात, तसतसे माळ्यांवरचे रुमाल बाहेर पडतात. त्यांतील सनदा, महजर, वंशावळी यांस मागणी असते. पण त्यांतच अधूनमधून केवळ आंकड्यांनीं भरलेलीं सुटीं पानें निघतात, त्यांकडे कोणी पाहत नाहीं. 'जोशीबोवांचीं टिपणें' म्हणून तीं बाजूस पडतात व पुढें रद्दींत जातात. आमच्या मतें ही हानि थोडी नव्हे. रुमालांतील इतर कागद मितीवांचून असतील, तर त्यांचा काळ ठरविण्याचें साधन कित्येकदां याच पानांत असतें.

पानावर चक्र, गण, पर्वांत, व्यग्वर्क, शर, भूभा, मानैक्यखंड, ग्रास, स्थिति, स्पर्श, मध्य, मोक्ष असे शब्द दिसले, कीं तें चंद्रग्रहणाचें गणित आहे व तें बहुधा ग्रहलाघवावरून केलेलें आहे, असें समजावें. ग्रहलाघवाचा कर्ता गणेश दैवज्ञ हा कोंकणकिनाऱ्यावरील नांदगांवचा. ग्रंथाचा आरंभवर्ष शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. त्याचा बाप केशव हाही मोठा ज्योतिषी. ग्रहकौतुक हा त्याचा करणग्रंथ शके १४१८ चा. गणेशानें ज्या व चाप यांची कटकट अजीबात काढून टाकिली, त्यामुळें साधा गुणाकार-भागाकार येणाऱ्या जोशासही ग्रहण वर्तवितां येऊं लागलें. दक्षिणेंत हा ग्रंथ घरोघर झाला याचें कारण हेंच. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत या पितापुत्रांचा सविस्तर विचार केला आहे. तो संग्राहकांनीं अवश्य पाहावा.

आतां कालनिर्णयाची किल्ली. जुन्या करणांत अहर्गण, म्हणजे आरंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या, वर्षें लोटतील तशी वाढत जाते. गणेशानें अकरा वर्षांचें एक चक्र कल्पून त्याचे दिवस ४०१६ धरिले व अहर्गण त्याहून मोठा होऊं दिला नाहीं. शकांतून १४४२ वजा करून ११ नीं भागिलें म्हणजे भागाकार तें चक्र. म्हणून पानावर नुसता 'चक्र २२' एवढाच आंकडा वाचतां आला, तरी तें गणित शके १६८४ ते १६९४ यांमधील ठरतें. म्हणजे जवळजवळ थोरल्या माधवरावांची कारकीर्द. गणही वाचतां आला तर दिवसच हातीं येतो.

एक उदाहरण करून दाखवितों. ता. ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद शुद्ध १५ शके १९४७ रोजीं खग्रास चंद्रग्रहण झालें. शकांतून १४४२ गेले, बाकी ५०५. चक्र ४५, शेष १०. शेष वर्षांचे महिने १२० व चैत्रापासून गेलेले ५ मिळून १२५. यांत चक्राची दुप्पट ९० व आणखी १० मिळवून २२५. त्यास ३३ नीं भागून अधिक मास ६. एकूण मास १३१, त्यांचे तिथि ३९३०. गततिथि १४ व चक्राचा षष्ठांश ७ मिळवून ३९५१. याचा चौसष्टावा भाग ६१ वजा केला, गण ३८९०. वाराची तपासणी अशी: चक्राची पांचपट २२५ गणांत मिळवून ४११५; ७ नीं भागून शेष ६. सोमवार शून्य धरून मोजिलें तर रविवार येतो, आणि त्या दिवशीं रविवारच होता. उलट बाजूनें, ४५ चक्रांचे १,८०,७२० दिवस व गण ३८९० मिळून १,८४,६१० दिवस जुन्या पद्धतीच्या १९ मार्च १५२०, सोमवार, यापुढें मोजिले असतां तीच तारीख निघते. पांचशें वर्षांनंतरही ही युक्ति एका दिवसानेंही चुकत नाहीं, हें पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

पान खरोखर ग्रहणाचें आहे कीं केवळ संभव पाहून सोडून दिलेलें, हें शरावरून समजतें. रवि व राहु यांमधील अंतराचे भुजांश १४ हून कमी असतील तर ग्रहणाचा संभव, असें ग्रंथांत आहे. त्या अंशांस ११ नीं गुणून ७ नीं भागिलें म्हणजे शर अंगुळांत येतो. चंद्राची दिनगति ७४ नीं भागून चंद्रबिंब. आणि गतींतून ७१६ वजा करून २२ नीं भागावें, ३२ मिळवावे व सूर्यगतीचा सप्तमांश काढून टाकावा, म्हणजे भूभा. मध्यम गति ७९० कला घेतली तर बिंब सुमारें १०॥। अंगुळें व भूभा २७ येते. दोहोंच्या बेरजेचें अर्ध, म्हणजे मानैक्यखंड, १९ च्या आंत. एवढा शर १२ अंशांसच होतो. मग १४ कां? चंद्र अतिशीघ्र असतां हीच मर्यादा १३ अंशांपलीकडे जाते. संभव हुकूं नये म्हणून सीमा थोडी सैल ठेविली आहे. शर मानैक्यखंडाहून अधिक निघाला तर जोशी तेथेंच थांबतो व पान अर्धें कोरें राहतें. तें फाटलें किंवा हरवलें असें समजूं नये.

तारखा जुळवितांना मात्र सावध असावें. वरील ग्रहणाचा स्पर्श रात्रीं ९ वाजून ५७ मिनिटांनीं, मध्य ११-४१ ला, मोक्ष १-२६ ला. पुण्याचा सूर्योदय सुमारें ६-२१ धरिला तर स्पर्श ३९ घटी, मध्य ४३ घटी २० पळें, मोक्ष ४७ घटी ४२ पळें. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून मोक्षही पौर्णिमेच्या रविवारींच. इंग्रजी रीतीनें तो ८ तारखेस, सोमवारीं. मुसलमानी दिवस सूर्यास्तीं बदलतो, म्हणून दिवसा छ १४ रबिलावल असतां ग्रहणाच्या वेळीं छ १५ लागलेला. एका रात्रीच्या अशा तीन नोंदी तीन दप्तरांत सांपडल्या तर त्या परस्परविरुद्ध नव्हेत. इंग्रजांच्या १७५२ पूर्वींच्या कागदांत आणखी एक भानगड आहे. शके १५८६ पौष वद्य ३० रोजीं सूर्यग्रहणांत महाबळेश्वरीं जिजाबाईंची तुला झाली, ती सुरतेच्या इंग्रजी गणनेनें ६ जानेवारी १६६५, तर गोव्याच्या पोर्तुगीज गणनेनें १६ जानेवारी.

हेंही लक्षांत ठेवावें, कीं गणिताचें पान म्हणजे वेधाचें पान नव्हे. जोशी ग्रहण आधीं वर्तवितो. त्या रात्रीं आभाळ आलें होतें कीं काय, हें आंकडे सांगत नाहींत. समासांत दुसऱ्या शाईनें 'स्पर्श अमुक पळें मागाहून' असें कांहीं लिहिलेलें आढळल्यास त्या पानाची किंमत दसपट समजावी. घटिकापात्र पाण्यांत सोडून कोणीतरी आकाशाकडे पाहत बसला होता, याची ती खूण.

पान कोठें लिहिलें तेंही कधीं कळतें. चंद्रग्रहण सर्वत्र एकाच क्षणीं लागतें, फक्त स्थानिक घटीपळें बदलतात. आजच्या मापानें पुणें उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारें १९ पळांवर आहे व नांदगांव २८-२९ पळांवर. जुने आंकडे याहून थोडेफार निराळे असतील. परंतु देशांतराची ओळ शाबूत असेल, तर पान घाटावरचें कीं कोंकणांतलें एवढा तर्क तिजवरून करितां येतो.