पाच-अडतीसची जीप

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली आणि तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत खाली सिरोंचा. या वाटेवर बस मागे टाकून गेली, तरी जुन्या जीपच्या मालकाला त्याचं काही वाटत नाही. वैताग येतो तो आवाजाचा. ताशी साठलाच इंजिन असं बोंबलतं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

दोष इंजिनाचा नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने, म्हणजे आजच्या महिंद्राने, त्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप मुंबईत जुळवायला घेतली. पुढे सीजे-थ्री-बी हे मॉडेल इथंच वर्षानुवर्षं बनत राहिलं. त्याचं गणित चिखलाचं होतं. गिअर तीन आणि धुरीतलं क्राउन-पिनियन ५.३८ चं. टॉप गिअरमध्येही चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या पाचाहून अधिक फेऱ्या. सोळा इंची रिमच्या टायरवर ताशी ६० ला मिनिटाला साधारण २४०० फेऱ्या पडतात, ८० ला ३२००. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. अशा मुलखात सरकारी जीपकडून ओढ हवी होती, वेग नव्हे. आता तोच सिरोंचाचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी झाला आहे. पिनियन मात्र जुनंच.

उपाय तीन. क्राउन-पिनियन बदलायचं, तर फोर-बाय-फोरसाठी पुढचं-मागचं दोन्ही बदलावं लागतं आणि चढावरची ओढ जाते ती जातेच. बोलेरोचा पाच गिअरचा डबा बसवणारे पुष्कळ. पण शाफ्ट, माउंटिंग, लिव्हर सगळंच हलतं. तिसरा ओव्हरड्राइव्ह, आणि मला तोच पटतो.

जीपच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना गती वाटणाऱ्या पेटीला, मागून पीटीओसाठी (बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीसाठी) एक झाकण असतं. ते काढायचं, गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवरचा दातेरी गिअर उतरवायचा आणि त्या जागी ओव्हरड्राइव्हचा छोटा डबा सरकवायचा. आत मधल्या गिअरभोवती फिरणारे लहान गिअर असतात. दांडी ओढली की ट्रान्सफर केसकडे जाणारी गती एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. इंजिनाच्या फेऱ्या तितक्याच ठेवून साठची ऐंशी होते. गतीच्या वाटेत डबा ट्रान्सफर केसच्या अलीकडे असल्यामुळे तो प्रत्येक गिअरला लागू पडतो, तिनाचे सहा होतात. दांडी परत ढकलली की जुनी ओढ जशीच्या तशी. अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने हा डबा विकला. १९४८ साली तिची सुरुवात युद्धातून उरलेल्या जीपांच्या हबपासून झाली होती. फुकटात मात्र काही नाही: वेग वाढला तितकी ओढ घटते, त्यामुळे भरल्या गाडीने चढ आला की दांडी आत.

कायद्याच्या बाजूनेही हा मार्ग बरा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते; नव्याने नोंदली तर ‘व्हीए’ अक्षरांची पाटी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. त्यात चेसी, बॉडी शेल आणि इंजिनातले बदल अडसर ठरतात. गिअरबॉक्सचा तिथं उल्लेख नाही, तरी डबा बसवण्याआधी चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओत विचारून घ्यावं. शिवाय मूळ गिअर जपून ठेवला, तर एका दिवसात गाडी पूर्ववत होते. व्हिंटेज नोंदणी घेतली की रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही, हेही आधीच ठरवावं.

ब्रेकचं काय? चारही चाकांना ड्रमच. मूल रस्त्याला दोन्हीकडे जंगल, संध्याकाळनंतर चितळ नाहीतर रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही. लायनर, व्हील सिलिंडर आणि पाइप नवे केल्याशिवाय ओव्हरड्राइव्हच्या दांडीला हात लावू नये.