फरशीची पारख

घर बांधताना फरशीची निवड बहुधा चकाकी पाहून होते; परंतु तिची खरी परीक्षा पाणी घेते. भिंतीसाठी केलेली सिरॅमिकची फरशी सच्छिद्र असते. ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. पोर्सेलिनची माती बारीक दळून, जोराने दाबून, सुमारे १२०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजतात. म्हणून तिचे शोषण अर्ध्या टक्क्यापलीकडे जात नाही. विकत घेताना फरशी उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच मुरला, तर ती भिंतीलाच लावावी. न्हाणीघरात मात्र एवढ्याने भागत नाही. गुळगुळीत पोर्सेलिनही ओले झाले की पाय निसटतो, आणि वृद्धांचे हाड मोडले की ते सहजासहजी सांधत नाही. तेथे खरखरीत पृष्ठभागाचीच फरशी घ्यावी. डोळ्यांना ती थोडी उणी वाटली तरी चालेल, पावलांना तिचा भरवसा वाटला पाहिजे.