हुंडणावळीचा हिशेब



विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आणि टागोरनगरात एके काळी मनीऑर्डर हा घरोघरचा विषय होता. कामगार पगारातून कोकणात, घाटावर पैसे धाडी. शंभर रुपये धाडले की गावी आईच्या हाती शंभरच पडत. कमिशन किती ते खिडकीवर आधी कळे आणि ते वेगळे मोजून द्यावे लागे. आज याच वस्तीतली मुले शिकावयास इंग्लंड, जर्मनी, कॅनडा येथे जातात. बापाने तीस-पस्तीस वर्षे राबून मिळविलेला प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी एका दिवसात परदेशी विद्यापीठाच्या खात्यात भरावी लागते. रक्कम मोठी, आणि मनीऑर्डरीचा तो उघडा हिशेब मात्र येथे नाही. आम्ही काही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. पगारपत्रके वाचता वाचता आकड्यांची जी ओळख झाली, तिच्याच आधाराने हा विषय मांडणार आहोत.

एका चलनाचे दुसरे चलन करताना जो भाव लागतो, त्याला आपल्या भाषेत हुंडणावळीचा दर म्हणतात. पूर्वी हा दर सरकार ठरवी. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. मार्च १९९३ पासून हा दर बाजारात ठरू लागला. परदेशी पैसा पाठविण्याची वाटही हळूहळू रुंद झाली. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर पाठविण्याची मुभा दिली. आज ही मर्यादा आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. पॅन क्रमांक, ए-२ नावाचा अर्ज आणि विद्यापीठाचे फीचे पत्र एवढ्यावर बँक पैसे पाठविते.

आता मुख्य गोष्ट. माणूस बँकेत जातो आणि विचारतो, “पाठविण्याचा खर्च किती?” उत्तर मिळते, “पाचशे रुपये.” तो समाधानाने घरी येतो. परंतु खरा खर्च त्या पाचशेत नसतो. तो दरात मिसळलेला असतो. बँका आपसांत डॉलर एका भावाने घेतात-देतात आणि गिऱ्हाइकाला त्याहून चढ्या भावाने विकतात. मधला फरक ही त्यांची कमाई. व्यापार म्हटला की नफा आलाच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तो किती, हे आपणांस ठाऊक असावे.

उदाहरण घेऊ. समजा, बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे आणि आपणांस २०,००० डॉलर पाठवावयाचे आहेत. एक बँक ५०० रुपये शुल्क घेते आणि ९१ रुपये ६० पैसे दर लावते. एकूण १८,३२,५०० रुपये. दुसरी १,५०० रुपये शुल्क घेते, पण दर लावते ९० रुपये ४० पैसे. एकूण १८,०९,५०० रुपये. शुल्क तिप्पट असलेली बँक २३,००० रुपयांनी स्वस्त पडली! पगारवाढीच्या कराराला आम्ही महिनोन् महिने एकेका रुपयासाठी भांडतो आणि इथे इतकी रक्कम न बोलता निघून जाते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

मग करावे काय? प्रथम, त्या दिवसाचा बाजारभाव पाहावा. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था २०१८ पासून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी संदर्भ-दर जाहीर करते. नंतर दोन-तीन बँकांना एकाच दिवशी, एकाच वेळी विचारावे. विचारताना ‘टी. टी. सेलिंग’ दर विचारावा. टी. टी. म्हणजे तारेने पैसे पाठविणे. तारसेवा २०१३ साली बंद झाली, नाव मात्र राहिले. सकाळच्या तक्त्यावरचा दर अखेरचा समजू नये. रक्कम मोठी असेल तर शाखेतून वरच्या कचेरीत विचारून दर कमी करून मिळू शकतो. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ‘एफएक्स-रिटेल’ ही सोय केली आहे. तीत साध्या गिऱ्हाइकालाही बाजारभावाने डॉलर घेता येतो आणि बँकेचे शुल्क वेगळे, आधी ठरलेले असते. आपल्या बँकेत ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

वाटेतल्या मध्यस्थ बँकाही आपले शुल्क कापतात. ‘सर्व खर्च आमचा’ असे अर्जात लिहिले नाही, तर फी अपुरी पोचून मुलगा तिकडे खोळंबतो. चलनबदलावर जी.एस.टी. लागतो, वरच्या उदाहरणात तो साधारण १,१०० ते १,२०० रुपये होईल. टी.सी.एस. हा कर निराळा. एप्रिल २०२५ पासून तो वर्षाला १० लाख रुपयांवरील रकमेवर लागतो, आणि मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी भरल्यास लागत नाही. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून चालू दर विचारून घ्यावा. हा पैसा बुडत नाही. विवरणपत्र भरले की तो आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. तोवर मात्र तो अडकतो, म्हणून त्याची तजवीज आधी करावी. फी दोन हप्त्यांत असेल, तर एक मार्चअखेर आणि दुसरा एप्रिलमध्ये भरता येतो का, तेही पाहावे.

चांगल्या दराच्या मोहाने कुणी हवालावाल्याकडे जाऊ नये. तेथे पावती नाही, दाद नाही. आणि परकीय चलन कायद्याखाली रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो.

तात्पर्य एवढेच की, शुल्क विचारू नका, “माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि तिकडे नेमके किती पोचतील?” हे दोन आकडे लेखी मागा. मनीऑर्डरीच्या खिडकीवर जे न मागता कळत होते, ते आता मागून घ्यावे लागते. मागितल्यावाचून पगार वाढत नाही, तसा मागितल्यावाचून दरही उतरत नाही.