आधी गळती, मग गॅस

मे महिन्यात झाशीचा पारा 45 अंशांच्या पुढेही जातो. खंडेराव गेटच्या भागात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. अशा वेळी एसी बंद पडला की जो तो म्हणतो, गॅस भरून द्या. ही घाईच महागात पडते.

आमच्या दारात आलेल्या मिस्त्रींनी सिलिंडर बाजूला ठेवला आणि बॅटरीच्या उजेडात पाइपांचे सांधे तपासले. म्हणाले, “बाबूजी, गैस खर्च नहीं होती, निकलती है.” एसीत तोच वायू फिरत राहतो, सोबत कॉम्प्रेसरचे तेलही. गळतीच्या जागी तेल झिरपते आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरच्या सांध्यावर तसाच काळा डाग होता. यंत्रणा रिकामीच झाली होती, म्हणून रेग्युलेटर लावून त्यांनी कोरडा नायट्रोजन सोडला. साबणाचे पाणी लावताच बुडबुडे आले. इथे ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.

दोष निघाला एका कडक झालेल्या ओ-रिंगचा. ती बदलली, थोडे तेल घातले आणि व्हॅक्यूम पंप लावला. हाच टप्पा लोक टाळतात. पंप हवा खेचतो तेव्हा दाब इतका उतरतो की आत राहिलेले पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघते. ते राहिले तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते, धातूही गंजवते. अर्ध्या तासाने पंप बंद करून मिस्त्री नुसते दाबमापकाच्या काट्याकडे पाहत बसले. काटा हलला नाही, तेव्हाच त्यांनी गॅसला हात घातला.

बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेले असते. तेवढाच आर-134ए हा वायू वजन करून, इंजिन चालू ठेवून, कमी दाबाच्या बाजूने भरला. जास्त दाबाच्या बाजूने भरायला गेल्यास कॅन फुटू शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच: हा द्रव उणे 26 अंशांना उकळतो, कातडी गोठवतो.

एसीत आधी वापरल्या जाणाऱ्या आर-12 या वायूमुळे ओझोनचा थर विरत होता. 1987च्या माँट्रियल करारानंतर तो वायू मागे पडला. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट उष्णता वाढवतो. गळक्या गाडीत दरवर्षी तो भरत राहणे म्हणजे पैसा आणि हवा दोन्ही नासवणे. तुमच्याकडे कोणी थेट कॅन जोडू लागला, तर त्याला थांबवा आणि गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा.