इंधन आणि प्रणोदक

इंधन म्हणजे जळून उष्णता देणारा पदार्थ, तर प्रणोदक म्हणजे एखादी वस्तू पुढे ढकलण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ. मराठी वृत्तपत्रांत दोन्हींसाठी सर्रास ‘इंधन’ हाच शब्द येतो. हे दोन्ही शब्द समानार्थी नाहीत.

व्युत्पत्ती आणि बोलीतील शब्द

‘इंधन’ हा शब्द संस्कृत ‘इन्ध्’ (पेटवणे) या धातूपासून आला आहे. यज्ञातील ‘समिधा’ हा शब्दही त्याच धातूचा. बोलण्यात मात्र चुलीसाठी सरपण, जळण किंवा लाकूडफाटा हेच शब्द असतात. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागात सरपणाची मोळी हे ओझ्याचे परिचित माप आहे, आणि कोळसा पाडणे हा कातकरी समाजाचा जुना व्यवसाय होता. ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश मानला जातो.

‘प्रणोदक’ हा शब्द ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘नुद्’ (ढकलणे) हा धातू यांपासून बनला आहे. त्यात जळण्याचा उल्लेखच नाही. सुगंधी द्रव्याच्या फवारणी-डबीतील दाबाखालचा वायू जळत नसतानाही प्रणोदक ठरतो, तो यामुळेच.

दारू

या संकल्पनेला मराठीत जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘दारू’. दारूगोळा, दारूखाना, शोभेची दारू या शब्दांत तो अजून टिकून आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अर्थ दिसतो. बंदुकीच्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. त्यात कोळसा व गंधक जळतात, म्हणजे ते इंधन. सोरा स्वतः जळत नाही, तर ज्वलनास ऑक्सिजन पुरवतो. अशा पदार्थाला ऑक्सिडीकारक म्हणतात. दारू हे दोहोंचे मिश्रण, म्हणून ती प्रणोदक. मद्य हा अर्थ रूढ झाल्याने हा नेमका शब्द शास्त्रीय लेखनातून मागे पडला, हे भाषेचे नुकसानच म्हणावे लागेल.

अग्निबाणातील वापर

मोटारीला एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते, पण ती वातावरणातून फुकट मिळते. अंतराळात हवा नसल्याने अग्निबाणाला ऑक्सिडीकारकही सोबत न्यावा लागतो. इंधन व ऑक्सिडीकारक मिळून प्रणोदक होते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रक्षेपित झालेल्या मंगळयानाचे वजन १,३३७ किलो होते. त्यातील ‘८५२ किलो इंधन’ असे जे छापले गेले, ते वस्तुतः प्रणोदकाचे वजन होय. त्याचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्सिडीकारकाचा होता.

रसायनी

खालापूर तालुक्यातील रसायनी येथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत असे. हा द्रव इस्रोच्या अग्निबाणांतील ऑक्सिडीकारक आहे. विकास इंजिनात तो हायड्रॅझीनवर्गीय इंधनाशी भेटताच ठिणगीशिवाय ज्वलन सुरू होते. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीतील तोट्यातील उत्पादने बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा एकच प्रकल्प वगळून इस्रोकडे सोपवण्याचे ठरले. देशात या द्रवाचा दुसरा उत्पादक नव्हता. बातम्यांत त्याला ‘रॉकेटचे इंधन’ म्हणतात. तो मात्र स्वतः जळत नाही.

शब्दाचा घोळ आणि सुरक्षा

हा फरक केवळ शब्दच्छलाचा नाही. ‘इंधन’ म्हटले की ऐकणारा आगीपासून जपतो, विषारी वायूचा विचार त्याच्या मनात येत नाही. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड सुमारे २१ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे कोकणातील उन्हात उघड्यावर सांडल्यास त्याचा तांबूस-तपकिरी वायू होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतो आणि पाण्याशी संयोग होऊन नायट्रिक आम्ल बनते. श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना होणारी इजा कधी कधी काही तासांनी प्रकट होते, त्यामुळे तात्काळ त्रास न जाणवलेल्या व्यक्तीलाही वैद्यकीय देखरेखीखाली ठेवतात. लाकूड, कापड, तेल यांच्याशी संपर्क आल्यास ते पेट घेऊ शकतात. टँकरवर ऑक्सिडीकारकासाठी वर्तुळावर ज्वाला असे चिन्ह असते, इंधनासाठी नुसती ज्वाला.