जुन्या घराची ओल आणि वैशाखातील डागडुजी

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात, तेव्हापासून आषाढी चतुर्दशीला चातुर्मास बसेपर्यंत सव्वादोन महिने मिळतात. पाऊस मात्र चातुर्मासाची वाट पाहत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो जुन्नरच्या पेठेत, मंचर-घोडेगावच्या बाजारात येऊन ठेपतो. म्हणजे जुन्या घराच्या डागडुजीसाठी हाती खऱ्या अर्थाने पाच-सहा आठवडेच उरतात. खणणे, उकरणे, जुना गिलावा पाडणे ही जीवजंतूंना बाधणारी कामे पावसाआधीच उरकण्याची आपल्या घराण्यांची रीत होती. बांधकामाच्या दृष्टीनेही ती पूर्णपणे योग्य होती.

या दोन तालुक्यांत व्यापारी कुटुंबांची बरीच घरे अजून जुन्या घडणीची आहेत. पुढे पेढी वा दुकान, मागे माजघर, वर कडीपाटाचा मजला आणि कौलारू छप्पर. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर मातीत किंवा चुन्यात रचलेली विटांची भिंत आणि सारा भार पेलणारा सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. अशी घरे शंभर वर्षे टिकतात आणि मग दहा-पंधरा वर्षांत ढासळतात. याचा दोष बहुधा म्हातारपणाला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा अलीकडची एखादी ‘पक्की’ दुरुस्तीच त्याला कारण झालेली असते.

ती दुरुस्ती म्हणजे सिमेंटचा गिलावा. जुनी भिंत जमिनीतून थोडी ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती हवेत सोडून देते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा तिला तेवढी वाट देतो, सिमेंट देत नाही. भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागला, पापुद्रे सुटले म्हणून तेथे तीन फूट उंचीपर्यंत सिमेंट मारले जाते. वर्ष-दोन वर्षे भिंत स्वच्छ दिसते. नंतर तीच ओल चौथ्या-पाचव्या फुटावर उमटते. तोवर आतली माती भुसभुशीत झालेली असते आणि भिंतीत शिरलेल्या तुळईचे टोक कुजू लागलेले असते. बाहेरून काहीच कळत नाही. तैलरंग आणि चकचकीत टाइल्सही भिंतीवर हाच परिणाम करतात.

म्हणून ओल दिसली की थापी हातात घेण्याआधी पाणी कुठून येते ते पाहावे. गल्लीतला रस्ता दर खेपेस जुन्या थरावरच नवा थर घालून होतो आणि कधीकाळी हातभर उंच असलेला ओटा रस्त्याच्या पातळीला येतो. पागोळ्यांचे पाणी मग भिंतीच्या पायाशीच जिरते. अशा वेळी भिंतीलगत उथळ, उताराची दगडी नाली काढून पाणी दूर नेले, तर निम्मे दुखणे गिलाव्याला हात न लावता बरे होते. मोरीची गळती, फुटलेली पन्हळ, भिंतीला टेकवून रचलेली पोती किंवा सरपण हीदेखील नेहमीची कारणे.

पाण्याचा हा विचार या मुलखाला नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. घर देताना पाण्याची सोयही त्या व्यापाऱ्यांनी त्याच दानात धरली होती.

चुन्याचे छोटे काम घरच्या माणसांना जमण्यासारखे आहे, पण उतावीळपणाने ते होत नाही. चुनकळी घरी विरवायची असेल तर लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात कळी थोडी थोडी सोडावी. कळीवर पाणी कधीही ओतू नये. ती उकळते, उडते आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे. विरलेला चुना पाण्याखाली निदान पंधरा दिवस मुरू द्यावा. अधिक मुरला तर अधिक चांगला. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी पिशवीतला विरवलेला चुना आणून तो रात्रभर भिजवावा. एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि एक भाग चाळलेली वाळू हे जुने, खात्रीचे प्रमाण. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची पूड. अनुभवी गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. सह्याद्रीलगतच्या गावांतून आदिवासी बांधव गोळा करून आणतात तोच हा हिरडा. आपल्यातील कित्येक आडत्यांनी तो पिढ्यान् पिढ्या विकला, पण घराच्या भिंतीत तो होता याचा आज विसर पडला आहे.

सुटलेला गिलावा खरवडून भिंत आधी आठ-दहा दिवस उघडी वाळू द्यावी. मग दरजा साफ करून, भिंतीवर पाणी शिंपडून पातळ थर द्यावेत. एकदम जाड थर दिला की तो तडकतो. पुढे आठवडाभर ओली गोणपाटे लावावीत. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, म्हणून वरचा हात चुन्याच्या सफेदीचाच असावा.

लाकडाकडे पाहताना आधी खांबाचा तळ पाहावा. जुन्या सुतारांनी खांब जमिनीवर कधी टेकवला नाही. त्याखाली दगडी तळखडा असे, तो लाकूड ओलीपासून वर ठेवी. नवी फरशी घालताना जमिनीची पातळी चार-सहा इंच वाढते, तळखडा गाडला जातो आणि सागाचा पाय प्रथमच ओल्या भरावात बुडतो. तेथे टोचणी खुपसून पाहावी. सहज आत गेली तर लाकूड गेले आहे. अशा ठिकाणी खांबाभोवती वीतभर फरशी काढून तळखडा मोकळा करणे हा स्वस्त उपाय आहे. वाळवीलाही जमिनीतली ओल लागते. औषध फवारून जीव मारण्याचा प्रसंग टाळायचा असेल तर लाकूड कोरडे आणि जमिनीपासून सुटे ठेवणे हीच जयणा. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर चढताना दिसल्या की त्याच आठवड्यात ओलीचे मूळ शोधावे.

मंगळुरी कौले बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये करायला घेतली आणि पुढे नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. त्यांना दरवर्षी परतावे लागत नाही, एवढ्यावरून छपराकडे पाहायचेच नाही असा अर्थ मात्र अनेकांनी घेतला. कौलांवर थेट पाय देऊ नये. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करावे, आणि खाली एक माणूस असावाच. फुटके कौल तेवढे बदलावे, रीप दबली असेल तर तीही बदलावी. साठी ओलांडलेल्या गृहस्थांनी छपरावर चढण्याची हौस बाजूला ठेवावी हे बरे.

काही कामांत घरगुती हात मुळीच घालू नये. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. केसासारखी भेग वर्षभर तेथेच थांबली तर चिंता नाही. ती वाढत असेल, पाच मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा ओळंबा लावल्यावर भिंतीला पोट आलेले दिसले, तर संरचना अभियंत्याला बोलवावे. दुकान ऐसपैस करण्यासाठी मधला खांब काढण्याचा सल्ला गवंडी देतो, तो ऐकू नये. ओलसर भिंतीतली जुनी वायरिंग परवानाधारक तारतंत्र्याकडूनच बदलावी आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. पश्चिमेकडील डोंगरउतारावर घर असेल तर हिशेब आणखी वेगळा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. उतारावरच्या जमिनीला नवी भेग पडली, झरा अचानक गढूळ झाला, झाडे-खांब कलले, तर दुरुस्तीचा विचार न करता घर सोडावे.

खर्चाची बाजू. जुन्या घराच्या मिळकतपत्रिकेवर बहुधा चार-सहा भावंडांची नावे असतात, त्यांतील दोन पुण्यात नाहीतर सुरतेत. कर्ज देताना बँक सर्व सहमालकांची संमती मागते आणि तेथेच काम अडते. वाटणीचा वाद मिटेपर्यंत छपराला हात लावायचा नाही, असे ठरवणाऱ्या कुटुंबांच्या हाती शेवटी वाटायला जागा उरते, घर उरत नाही. वाटणी राहू द्यावी, पण छप्पर आणि नाली यांपुरता खर्च कोणी किती करायचा याचा साधा लेखी करार करावा आणि पावत्या एका वहीत चिकटवाव्यात. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्याचीही लेखी संमती घ्यावी. नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत यांच्याकडे आधी विचारणा करावी. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्या हद्दीत तसेच पुढच्या २०० मीटरपर्यंत दुरुस्तीलाही परवानगी लागते. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते. खरेदी-बांधणीच्या कर्जाची दोन लाखांची मर्यादा येथे लागू नाही. हा फरक पुष्कळांना विवरणपत्र भरताना कळतो.

इतके करूनही एखादी गळती राहतेच. पहिली मोठी सर येईल तेव्हा दोघांनी बॅटरी आणि खडू घेऊन पोटमाळ्यावर जावे. पाणी ठिबकते तेथे नव्हे, तर वाशावरून ते जेथून ओघळत आले तेथे खडूची खूण करावी. पाऊस उघडला की त्या खुणेवरचे कौल बदलावे.