पाण्यात उतरणारी खुर्ची

गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. पाणी कमरेपर्यंत असेल तर साधारण निम्मा. म्हणजे जमिनीवर ७० किलो भरणारा माणूस खोल पाण्यात स्वतःच्या पायांना ७ किलोंचा वाटतो. जमिनीवर एक पाऊलही न टाकणारे पाय पाण्यात चालू लागतात ते यामुळेच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक.

पाण्यात गेल्यावर काय होतं ते असं. अडचण आहे ती काठापासून पाण्यापर्यंतच्या दोन-तीन फुटांची. आपल्याकडच्या बहुतेक जलतरण तलावांत तिथे एक उभी स्टीलची शिडी असते आणि चाकाच्या खुर्चीतून आलेल्या माणसाला दोघं जण खांद्याला-पायाला धरून उतरवतात. स्वतःच्या इच्छेने पोहायला आलेला प्रौढ माणूस असा उचलला जातो, आणि पुन्हा यायला कचरतो.

या दोन-तीन फुटांवर सगळ्यात बारकाईने विचार केलेला कागद म्हणजे अमेरिकेची २०१०ची सुगम्यता मानकं. अपंगांच्या हक्कांचा तिथला कायदा १९९० सालचा. तलावांचे नियम त्यानंतर वीस वर्षांनी आले, हॉटेलवाल्यांनी भरपूर कुरकुर केली, मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१३पर्यंत गेली. तलावाच्या भिंतींची एकूण लांबी ३०० फुटांपेक्षा कमी असेल तर अपंगांसाठी एक वाट पुरे. ३०० फूट किंवा जास्त असेल तर दोन. म्हणजे २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलाव (परीघ साधारण २४६ फूट) एका वाटेत सुटतो, ५० मीटरच्या ऑलिम्पिक तलावाला दोन कराव्या लागतात. त्यातली एक तरी लिफ्ट, म्हणजे माणसाला बसवून पाण्यात उतरवणारी यांत्रिक खुर्ची, किंवा उतार हवाच.

उतार दिसायला सोपा, पण त्याचं गणित मांडून पाहा. एकास बाराचा उतार ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत न्यायचा तर सव्वासात मीटर लांबी लागते. जुन्या तलावात एवढी जागा काढायची म्हणजे फोडाफोडी आली, शिवाय बॅटरीवर चालणारी स्वतःची खुर्ची घेऊन कोणी पाण्यात शिरू शकत नाही, पाण्यात चालणारी वेगळी खुर्ची ठेवावी लागते. लिफ्टला काठावर एक पाया आणि थोडी मोकळी जागा पुरते.

या लिफ्टचे नियम आकड्यांत लिहिलेत, आणि प्रत्येक आकड्यामागे एक शरीर उभं आहे. बैठक काठापासून १६ ते १९ इंच उंच, कारण चाकाच्या खुर्चीची बैठकही साधारण तेवढ्याच उंचीवर असते. माणूस वर-खाली न होता आडवा सरकतो. खुर्ची वर असताना बैठकीचा मध्य तलावाच्या कडेपासून किमान १६ इंच आत, जमिनीवरच; कारण सरकण्याच्या त्या क्षणी तोल गेला तर खाली पाणी नको. सरकायच्या बाजूचा खुर्चीचा हात दुमडता यावा. पाण्याखाली बैठक किमान १८ इंच जावी, तेवढ्यात पाणी पोटाच्या वर येतं आणि शरीर आपोआप तरंगू लागतं. बटण दाबायला ५ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वादोन किलोंपेक्षा जास्त जोर लागू नये, चिमटीत धरून पिळावं लागू नये. ज्याची बोटं वळत नाहीत त्याच्या मुठीनेही ते दाबलं जावं.

यंत्राच्या अंगाने पाहिलं तर आणखी गंमत. खुर्ची किमान ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो उचलणारी हवी. पण हा भार सुरुवातीपासून सारखा नसतो. माणूस पाण्यात असताना तो हलका, जसजसा वर येतो तसतसा जड, आणि पूर्ण बाहेर येताना, अंगावरून पाणी निथळत असताना, सगळ्यात जड. उतरताना मोटरला फारसं काही करावं लागत नाही. त्यामुळे धाप लागलेली बॅटरी माणसाला बिनतक्रार पाण्यात सोडते आणि वर आणताना मान टाकते. बॅटरीची पातळी दाखवणारा दिवा ही सजावट नव्हे, ती उतरण्याआधी वाचायची गोष्ट आहे. या बॅटऱ्या बहुधा २४ व्होल्टच्या असतात, ओल्या माणसाजवळ घरातली २३० व्होल्टची वीज न्यायची नाही म्हणून. आणि चार्जिंग काढून नेऊन, तलावापासून दूर.

लिफ्टची दुसरी जात तर चक्क नळाच्या पाण्यावर चालते. रबरी नळी जोडायची, पाणी दट्ट्याला ढकलतं, खुर्ची वर येते. पाणी सोडून दिलं की खाली जाते. ४ बार दाब असेल तर १० सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर ३०० किलोंहून जास्त जोर येतो. विजेचा संबंधच नाही! पण १० मीटर उंचीच्या पाण्याने दाब मिळतो १ बार. दोन मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी एवढंच देऊ शकते, आणि मग तो जोर ७८ किलोंवर येतो. आपल्या गावांत नळाला कधी पाणी असतं आणि कधी नसतं, ते वाचकांना मी सांगायला नको. ही सुंदर कल्पना इथे आणायची तर सोबत दाब वाढवणारा पंप आणावा लागेल, म्हणजे वीज पुन्हा आलीच.

पायाचं गणितही असंच नजरेआड राहतं. भरलेली खुर्ची कडेपासून मीटरभर बाहेर लोंबते, तेव्हा ती पाया उपटून काढायला पाहत असते. म्हणून एक तर काँक्रीटमध्ये पक्के बोल्ट, नाही तर शेकडो किलोंचं प्रतिवजन असलेला फिरता गाडा. गाडा स्वस्तात जमतो, पण तो कोपऱ्यात ढकलला जातो, वर टॉवेल वाळत पडतात. अमेरिकी नियम म्हणतो, तलाव उघडा असेल तोवर लिफ्ट जागेवर आणि चालू हवी. बोल्टच्या बाबतीत मात्र गाफील राहू नये. १९८५च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तरणतलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण मेले. छत पेलणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना तलावाच्या हवेतल्या क्लोरिनने आतून तडे पाडले होते. बाहेरून त्या चकचकीतच. काठावरच्या यंत्राला रोज साध्या पाण्याने धुणं आणि बोल्ट तपासणं एवढी देखभाल यातून येते.

हे सगळं जुळलं तरी एक अट उरते आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी: लिफ्ट काठावरून आणि पाण्यातूनही, कोणाच्या मदतीविना चालवता आली पाहिजे. हाताने पंप मारून चालवायची लिफ्ट स्वस्त असते, पण पंप मारणारा दुसरा कोणी लागतो, म्हणून ती इथे बाद होते. नीट विचार केला तर ही अट रिकाम्या खुर्चीबद्दलही आहे. मी पोहत असताना दुसऱ्या कोणी खुर्ची वर नेली, तर ती मला पाण्यातून खाली बोलावता आली पाहिजे. मी एकटा काठावर आलो आणि खुर्ची आधीच पाण्यात बुडालेली असली, तर ती वर बोलावता आली पाहिजे.

प्रात्यक्षिक दाखवायला येणारा विक्रेता काठावर उभा राहून, कोरड्या हाताने, ताज्या बॅटरीवर, रिकामी खुर्ची फिरवून दाखवील. त्याला संध्याकाळी बोलवावं, दिवसभर वापरलेल्या बॅटरीवर. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या एखाद्या पोहणाऱ्याला आधीच पाण्यात उतरलेलं असू द्यावं, खुर्ची वर ठेवावी, बाकी सगळ्यांनी हात मागे घ्यावेत, आणि मग विचारावं: बटण हाताला लागतंय का?